सोळावा अध्याय, ओवी त्रेसष्ट

पोथीअक्कानं जन्मात कधी स्वतःचं मत सांगितलं नाही. ती आकडे सांगायची. नळावर भांडण पेटलं, घागरी हवेत गेल्या, दोघींचे अंबाडे एकमेकींच्या मुठीत आले, की अक्का आपल्या उंबऱ्यावरून एवढंच म्हणायची, "नववा अध्याय, ओवी बावीस!" आणि सगळं थंडगार. आवाज असा, की पलीकडच्या बोळातले यंत्रमाग धोटा टाकायचे विसरत. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी त्या बोळातली एखादी चादर उजेडात धरून बघावी. मधेच एक धागा कमी दिसेल. तो अक्काचा.

मग कुणीतरी खाली मान घालून विचारायचं, "काय हाय अक्का बाविसाव्या ओवीत?"

"स्वामी सांगत्यात, पहिली घागर वयानं थोर असंल तिची."

गल्लीत वयानं थोर कोण, हे सांगायला पोथी लागत नव्हती. अक्काची घागर पुढे सरकायची.

पोथी म्हणजे आमच्या मठाच्या स्वामींची. एकवीस अध्याय, सगळं ओवीत. दुधनीपासून मंद्रूपपर्यंत स्वामींना मानणारी जेवढी घरं, तेवढ्या तिच्या प्रती. अक्का मूळची दुधनीचीच. रागावली की कानडीत शिरायची आणि दमली की मराठीत परत यायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायची, आणि भाकरी थापता थापता अख्ख्या पेठेचा कारभार अध्याय-ओवीनं हाकायची. पोरांना छडीनं फोडणाऱ्या मास्तरांना तिनं चौदावा अध्याय लावला होता. सासूला उशिरा जेवण देणाऱ्या सुनेला पाचवा, आणि त्या सुनेला दिवसभर टोचणाऱ्या सासूला पाचव्यातलीच पुढची ओवी. एकदा चौकात हवालदारानं रिक्षात माणसं जास्त म्हणून तिला खाली उतरवलं. अक्कानं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, "अकरावा, एकोणतीस." हवालदार निघाला स्वामींच्या भक्ताचा जावई. त्यानं शिट्टी खिशात घातली, चारी बाजूंची वाहनं थोपवली आणि रिक्षा वाजतगाजत सोडली. मंत्र्याच्या गाडीला त्या चौकात एवढा मान मिळालेला मी तरी पाहिला नाही.

तुम्ही म्हणाल, पोथी घरोघरी होती, तर कुणी उघडून का बघत नव्हतं? आता, पोथी उघडायची म्हणजे डोक्यावरून आंघोळ, धुतलेलं वस्त्र, कपाळाला विभूती. आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. एका ओवीची खातरजमा करायला बादलीभर पाणी ओतून टाकेल असा शूर आमच्या गल्लीत नव्हता. वर्षातून एकदा स्वामींच्या पुण्यतिथीला मठात पारायण व्हायचं, पण वाचणारे असे सुसाट सुटायचे, की ऐकणाऱ्याला एक अध्याय संपला हे दोन अध्यायांनंतर कळायचं. थोडक्यात, अक्काच्या शब्दाला कोरड्या नळाचं संरक्षण होतं.

तर अशा अक्काकडे एका दुपारी मल्लिनाथ आला. मल्लिनाथ माझ्या शेजारचा, रिक्षा चालवतो. त्याची मुलगी शिवलीला बारावी झाली होती आणि तिला नर्सिंग शिकायला मिरजेला जायचं होतं. आडवा आला तिचा मामा, मंद्रूपचा कल्लप्पा. त्याचं म्हणणं, भाचीवर मामाचा हक्क, पोरगी माझ्या घरात सून म्हणून द्या, सुया टोचायला शिकून काय करणार? कल्लप्पा जमिनीनं मोठा आणि आवाजानंही मोठा. मल्लिनाथ दोन्हींत लहान, त्यामुळे तो 'हो' म्हणायच्या बेतात होता. मी भाकरी न्यायला गेलेलो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. शिवलीला अक्काच्या ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. चांगली शेंग फेकत होती आणि किडकी सुपात टाकत होती, यावरून तिच्या मनाची कल्पना यावी.

मल्लिनाथ म्हणाला, "अक्का, मेव्हण्याला न्हाय कसं म्हणू? तुमीच सांगा."

अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. "सोळावा अध्याय, ओवी त्रेसष्ट."

मल्लिनाथचे हात आपोआप जोडले गेले. "काय सांगत्यात स्वामी?"

"शिकाया निघालेल्या लेकीला जो अडवंल, त्याच्या दारची भिक्षा मी घेणार न्हाय, असं सांगत्यात."

मल्लिनाथनं तिथूनच फोन लावला. "कल्लप्पा, माझं काय न्हाय बघ. पोथीत हाय." पलीकडून कल्लप्पाचा आवाज फोन नसता तरी ऐकू आला असता. "पोथीत हाय व्हय? मग पुण्यतिथीला येतो मठात. सगळ्यांच्या म्होरं बघू की काय हाय ते! नसलं, तर जाताना पोरगी माझी!"

आता यात मी कुठे आलो? मी कॉम्प्युटरचा माणूस. पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करतो, म्हणजे गल्लीच्या हिशेबात रिकामा. मठाच्या पंचांनी मला गाठून सांगितलं, की तरुण पोरं पोथीला हात लावत नाहीत, तर पोथीच फोनमध्ये घाला. कुणीही अध्याय-ओवी लिहिली की ती ओवी पुढ्यात आली पाहिजे. फोनवर पोथी वाचायला आंघोळ लागते का, यावर पंचांची सभा सकाळपासून दिवे लागेपर्यंत चालली आणि ठराव झाला, की ज्या बोटानं दाबायचं तेवढं बोट धुवावं. पुण्यतिथीच्या दिवशी मठात मोठा पडदा लावून उद्घाटन करायचं ठरलं.

पोथी टाइप करून घेणं सोपं होतं. अवघड होतं ते माणसं ओवी कशी मागतात हे यंत्राला शिकवणं. एक लिहितो '३:१२', दुसरा '३/१२', तिसरा 'अ. ३ रा ओ. १२', चौथा 'तिसऱ्यातली बारावी द्या की'. दुधनीचे लोक कानडी आकड्यांत लिहिणार. एकानं चाचणीत लिहिलं, 'चांगल्या पाच-सहा ओव्या पाठवा', आणि माझ्या प्रोग्रामनं इमानदारीत पाचव्या अध्यायातली सहावी ओवी पाठवली. तीत एक म्हैस मरते. त्यानं ती मेव्हणीच्या लग्नाच्या पत्रिकेत छापली.

ही अडचण मी अक्काला सांगितली, कारण सगळ्या सोलापुरात अध्याय-ओवीची भाषा अखंड बोलणारी ती एकटीच. ती म्हणाली, "त्यात काय हाय? शेंग फोडल्यावानी फोडायचं. अध्याय, ओवी, मधली, द्या की, हे टरफल. दोन आकडे म्हंजे दाणे. टरफल फुकून टाक. दाणे उरतील त्यातला पयला अध्यायाचा, दुसरा ओवीचा." माझ्या कंपनीत हेच समजावायला तीन माणसं टाय लावून आली होती.

मग तीच माझी परीक्षा घ्यायला लागली. तव्यापाशी बसून सोडायची एकेक, "शेवटच्या अध्यायातली शेवटून दुसरी." आली. "चौथ्यातली दहा ते बारा, अकरावी सोडून." आली. "सहाव्यातली सातवी, आन तिच्या शेजारची."

"शेजारची म्हणजे आधीची की नंतरची?"

"कुटली बी दे. शेजारणी सगळ्या सारख्याच."

असं रंगात आलं असताना तिनं सहज विचारलं, "आन नसलेलीच ओवी मागितली तर रे इंजिनेरा?"

"तर लाल अक्षरात येतं, अशी ओवी नाही."

अक्कानं नवी भाकरी तव्यावर टाकली. थोड्या वेळानं धूर आला. अक्काची भाकरी करपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

घरी येऊन मी सोळावा, त्रेसष्ट लिहिलं. लाल अक्षरं. वाटलं प्रोग्राम चुकतोय, म्हणून तो उलटा केला, सुलटा केला, वाळत घातला. मग मूळ पोथी बघितली. सोळाव्यात ओव्या अठ्ठावन्नच. मग अक्काच्या तोंडून ऐकलेले सगळे आकडे एकेक करून घातले, आणि माझ्या पायाखालची अख्खी पेठ सरकली.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर जाऊन बसलो. "अक्का, सोळाव्यात अठ्ठावन्नच ओव्या आहेत."

"आसतील."

"नवव्यातली बाविसावी घागरीची नाही. स्वामींच्या पायात काटा मोडतो तिची आहे."

"काट्याची हाय व्हय? बरं झालं सांगितलंस."

"अकराव्यातली एकोणतिसावी..."

"किती खोदतोस रे! पोथी हाय का हीर हाय?"

"अक्का, म्हणजे इतकी वर्षं तू हे सगळं मनानं सांगत होतीस?"

तिनं पिठाचा गोळा हातात घेतला, पण थापला नाही. "ऐक. मी नवीन नांदायला आले तवा त्या कोपऱ्यावरच्या घरात सुनेला लई मारायचे. मी पंचांना जाऊन म्हणलं, थांबवा. काय म्हणले ठावं हाय? बाईची बडबड हाय, सोडा. दुसऱ्या दिशी मी परत गेले आन त्येच बोलले. फकस्त पुढं एक आकडा लावला. सगळे हात जोडून हुबे! त्या पोरीचा मार थांबला. मग मी बी ठरवलं की. ह्यास्नी माझं ऐकायचं न्हाय, आकड्याचं ऐकायचंय. घ्या आकडा."

मी सरळ कामाचं बोललो. म्हटलं, "काळजी करू नको. सोळाव्याच्या शेवटी मी पाच ओव्या रचून घालतो. कुणाला पत्ता लागणार नाही."

"सुम्निरो!" अक्का कडाडली, आणि ज्यांना कानडी येत नाही अशा तीन चिमण्यासुद्धा वळचणीला गप्प बसल्या. "पोथीत घालायचं न्हाय! मी बोलले, लिवलं न्हाय. बोललेलं वाऱ्यावर जातंय, लिवलेलं ऱ्हातंय. स्वामींच्या तोंडी माझं लिवलंस तर बोटं झडतील तुझी."

"हे कुठल्या अध्यायात आहे?"

"ह्ये माझं हाय!"

पुण्यतिथी परवावर आली होती. शेवटी अक्काच म्हणाली, "पारायणाला वाचणाऱ्याला ओव्या वाटून देत्यात न्हवं? मधीच अध्याय संपला तर त्यो थांबतो का?"

"नाही. पुढचा अध्याय धरतो आणि आपल्या वाट्याच्या पुऱ्या करतो."

"मग तुझं मशीन का थांबतंय? त्याला पारायण येत न्हाय व्हय?"

खरं सांगतो, प्रोग्राम लिहिण्यात माझी निम्मी हयात गेली, पण असला नियम कुणी हातात दिला नव्हता. मी तिथेच बसून बदल केला. अध्याय संपला की थांबायचं नाही, उरलेलं पुढच्यात मोजायचं. सोळाव्याच्या अठ्ठावन्न झाल्या, उरल्या पाच. म्हणजे सतराव्यातली पाचवी. ती उघडून वाचली आणि मी कपाळाला हात लावला.

"अक्का, मेलो आपण. ही गाईची ओवी आहे. शिक्षणाचं नावसुद्धा नाही."

"मेला आसशील तर तू. मी भाकरी थापायलेय."

पुण्यतिथीला मठ असा भरला होता, की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला विचारून घ्यावा लागत होता. एकीकडे पुरुष, एकीकडे बायका, समोर पांढरा पडदा, आणि बाजूला टेबलाशी मी. पंचांची भाषणं झाली. लोकांनी आपापल्या आवडीच्या ओव्या मागितल्या, पडद्यावर आल्या, टाळ्या पडल्या. मग मागून इस्त्रीच्या टोपीतला कल्लप्पामामा उठला. बायकांच्या बाजूला शिवलीला आईला चिकटून बसली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मला इतक्या लांबून दिसत होतं.

"सोळावा अध्याय, त्रेसष्ट! दाखवा," कल्लप्पामामा म्हणाला.

मी लिहिलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं. एरवी ते चुटकीसरशी थांबतं, त्या दिवशी त्यानं सिद्धरामेश्वराच्या तळ्याला प्रदक्षिणा घातली असावी. मग वर 'अध्याय सतरावा, ओवी पाचवी' आणि खाली अक्षरं आली:

खुंटीं बांधिली गाय । तिचें मन रानीं जाय ।
स्वामी म्हणती करूं काय । सोडा दावें तियेचें ॥

कल्लप्पामामानं दोनदा वाचलं आणि मांडीवर थाप मारून हसला. "मी सोळावा म्हणलो, ह्यो सतरावा हाय!"

मी माइकवर सांगितलं, की मामा, पारायणाच्या रीतीनं मोजलंय, अध्याय संपला की मोजणी पुढे जाते. पारायणाला म्होरक्या असणारे म्हातारे शास्त्रीबुवा डुलत होते, ते जागे झाले आणि म्हणाले, "बराबर हाय. आमी तसंच वाचतो."

"वाचा की, कोण न्हाय म्हणतंय!" मामा म्हणाला. "पण ही गाईची हाय! लेकीचं शिक्षण कुटं हाय हितं? भिक्षा कुटं हाय? ओ अक्का, बोला की!"

सगळ्या माना अक्काकडे वळल्या. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. मला वाटलं, आता हिच्या पोतडीतून नवा आकडा निघणार. पण आता आकडा काढून सोय नव्हती, कारण आकडा निघाला की मला तो पडद्यावर लिहावा लागणार होता, आणि हे ती माझ्यापेक्षा चांगलं जाणून होती.

"कल्लप्पा, गाय खुंटीला होती. तिचं मन कुटं होतं?"

"रानात. लिवलंय की."

"दावं कुणी सोडाया सांगितलं?"

"स्वामींनी."

"म्हंजे गाईला मन हाय, हे स्वामींना कळलं. तुझ्या भाचीला हाय, हे तुला कळंना?"

बायकांच्या बाजूनं हशा उठला. कल्लप्पामामाची टोपी तिरकी झाली. तो चिडून म्हणाला, "तुमी फिरवू नका अक्का! तुमी भिक्षेचं सांगितलं होतं. दारची भिक्षा स्वामी घेणार न्हायत म्हणून. ते कुटं हाय दाखवा!"

आणि पोथीअक्का, जिनं आयुष्यभर एक वाक्य स्वामींना पुढे केल्याशिवाय उच्चारलं नव्हतं, ती भर मठात, पंचांच्या तोंडावर म्हणाली, "ते कुटं बी न्हाय. ते माझं हाय. पोरीला अडवलंस तर तुझ्या घरचं पाणी मी पिणार न्हाय. जा, मोज किती ओव्या हायत त्याच्या!"

पंचांपैकी एकजण "बाईची..." एवढंच म्हणाला असेल. पुढचं काय होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी उठून उभी राहिली. अक्कानं वाचवलेली ती सून आता सासू झाली होती. ती म्हणाली, "मी बी न्हाय पिणार." मग तिच्या शेजारची उठली. "मी बी न्हाय." मग नळावरच्या दोघी एकदम उठल्या, त्याच अंबाड्यांच्या. बघता बघता अर्धा मठ उभा राहिला, आणि सगळ्यांत शेवटी उठली शिवलीलाची आई, कल्लप्पाची सख्खी बहीण. तिचा आवाज मी शेजारी राहून कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "दादा, मी बी."

एवढ्या बायकांचं पाणी बंद झाल्यावर माणूस काय करणार? कल्लप्पामामा पडद्याकडे बघून म्हणाला, "गाईचं ऐकावं लागतंय म्हंजे," आणि पंगतीला जाऊन बसला. रागाच्या भरात त्यानं गव्हाची गोड हुग्गी इतकी खाल्ली, की वाढपी घागर तिरकी करून वाढायला लागले. जाताना शिवलीलाच्या डोक्यावर हात ठेवला. तोही रागातच.

त्यानंतर अक्का आकडे सांगायची बंद होईल असं मला वाटलं होतं. कसलं! लोक सोडतात होय? "अक्का, नुसतं सांगू नका, आकडा लावून सांगा, म्हंजे आमाला बरं वाटतंय," असं म्हणणारे होतेच. त्यांना ती आकडा द्यायची. पण ज्याच्यावर तिचा जीव होता त्याला सांगताना म्हणायची, "ह्ये माझं हाय, बघ." मला तिनं असं बरंच काही दिलं. पुण्याची नोकरी सोडू नको, हे तिचं होतं. रागात बायकोशी बोलताना आधी पाणी पी, हेही तिचंच.

गेल्या वर्षी अक्का गेली. थापलेल्या भाकऱ्या वाळत होत्या आणि ती भिंतीला टेकून बसली होती, झोपल्यासारखी. मातीला एवढी माणसं आली, की पुढची माणसं पोचली तेव्हा मागची गल्लीतच होती. यात मी वाढवून सांगितलेलं काही नाही.

पंच अधूनमधून माझ्याकडे येतात. पुण्या-मुंबईचे शिकलेले भक्त तक्रार करतात, की तेराव्यातली सत्तेचाळिसावी मागितली तर चौदावा उघडतो, एवढं दुरुस्त करा. मी हो म्हणतो, चहा पाजतो आणि विसरून जातो.

अक्का गेल्यावर काही दिवसांनी शिवलीला मिरजेहून आली. आता ती मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे. अक्काच्या बंद दारापुढच्या ओट्यावर आम्ही दोघं बसलो होतो. मला वाटलं, पोरीला आता तरी खरं सांगावं. मी म्हटलं, "शिवलीला, एक सांगायचं राहिलंय. सोळाव्या अध्यायात त्रेसष्टावी ओवी..."

"नाहीये," ती म्हणाली. "अठ्ठावन्नच आहेत."

"तुला कधी कळलं?"

"अक्का बोलल्या त्याच दिवशी, काका. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, पोथी उघडली आणि मोजल्या."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"मी कशाला बोलू?" शिवलीला म्हणाली. "बॅग भरून ठेवली. दुसरं कुणी मोजायच्या आत."